अर्धांगवायूनंतरचे लुई पाश्चर

१९ ऑक्टोबर १८६८, सोमवार. दुपारच्या जेवणानंतर लुई पाश्चर यांच्या अंगात शिरशिरी भरली आणि शरीराच्या डाव्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या. त्या दिवशी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्यांना एक निबंध वाचायचा होता. तो त्यांचा स्वत:चा नव्हता. रेशीमकिड्यांच्या रोगावरील त्यांची पद्धत वापरून पाहणाऱ्या एका इटालियन अभ्यासकाचा तो होता. पत्नी मारी यांना लक्षण ठीक दिसेना. त्या अकादमीच्या दारापर्यंत सोबत गेल्या आणि परतताना यांना एकटे सोडू नका, असे रसायनशास्त्रज्ञ बालार यांना बजावून आल्या. पाश्चर यांनी नेहमीच्या ठाम आवाजात निबंध वाचला, दोघा मित्रांबरोबर चालत घर गाठले, दोन घास खाल्ले आणि नऊ वाजता ते अंथरुणावर पडले. काही वेळातच दुखणे उलटले. बोलायचे होते, पण जीभ वळेना. थोड्या वेळाने वाचा परतली, तेव्हा त्यांनी हाक मारली. रात्रभरात डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. वय होते पंचेचाळीस.

रेबीजची लस, अँथ्रॅक्सची लस आणि पॅरिसमधील जगप्रसिद्ध संस्था यांमुळे पाश्चर हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र ही सारी कामे या रात्रीनंतरची आहेत, हे फारसे सांगितले जात नाही. रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्याच मेंदूत त्या रात्री रोगप्रतिकारक यंत्रणेचे एक अत्यंत गुंतागुंतीचे काम सुरू झाले होते आणि त्याची कल्पना त्यांना किंवा त्यांच्या वैद्यांना असणे शक्य नव्हते. पाश्चर यांचे उत्तरायुष्य या बाजूने पाहिले, तर त्यांच्या चरित्रातील परिचित घटनांनाही वेगळा अर्थ येतो.

त्या रात्रीपर्यंतचे आयुष्यही काही साधे नव्हते. २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील दोल या गावी एका कातडी कमावणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. नेपोलियनच्या सैन्यातून परतलेले वडील कष्टाळू आणि अबोल होते. लहानपणी लुई यांचा ओढा चित्रकलेकडे होता आणि त्यांनी काढलेली आईवडिलांची चित्रे आजही जतन केलेली आहेत. पुढे पॅरिसच्या एकोल नॉर्माल या संस्थेत ते रसायनशास्त्राकडे वळले. १८४८मध्ये, पंचविशीतच, टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांचे डावे-उजवे रूप त्यांनी उलगडून दाखविले. नंतर लील शहरात असताना किण्वनाचा अभ्यास सुरू झाला. आंबण्याची क्रिया सूक्ष्मजीव घडवितात, आणि निर्जीव द्रवातून जीव आपोआप उपजत नाहीत, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. १८६५मध्ये सरकारने त्यांना दक्षिण फ्रान्समधील रेशीम उद्योग वाचविण्याच्या कामी धाडले. याआधी रेशीमकिडा त्यांनी नीट पाहिलेलाही नव्हता.

याच काळात घरात एकामागून एक मृत्यू होत होते. थोरली जान १८५९मध्ये विषमज्वराने गेली. १८६५च्या जूनमध्ये वडील गेले, सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामीय आणि पुढच्याच मे महिन्यात बारा वर्षांची सेसिल. पाच मुलांपैकी तीन मुली गेल्या. प्रत्येक अंत्यसंस्कारानंतर ते सूक्ष्मदर्शकापाशी परतत होते. कामाचा हा अतिरेक आणि हे आघात यांच्यामुळे ते आजारी पडले, असे तेव्हा मानले गेले. आजचे डॉक्टर प्रथम रक्तदाब मोजतील. त्या काळी तो मोजण्याचे सोयीस्कर साधनच नव्हते.

वैद्यांनी निदान केले ते मेंदूतील रक्तस्रावाचे. उजव्या गोलार्धातील एखादी रक्तवाहिनी फुटली असावी, असा त्यांचा तर्क होता. डोक्याची कवटी न उघडता आत पाहण्याचा मार्ग तेव्हा नव्हता, सीटी स्कॅन यायला अजून शतकाहून अधिक काळ लागणार होता, त्यामुळे या निदानावर तज्ज्ञांनी पुढे शंकाही घेतल्या आहेत. तरी चरित्रकारांनी बहुधा हेच निदान स्वीकारले. डॉ. आंद्राल यांनी कानांमागे सोळा जळवा लावण्यास सांगितले. रक्त भरपूर वाहिले. वाचा थोडी सुधारली, हातपाय मात्र तसेच राहिले. आज जळवांच्या या उपचाराचे आपल्याला हसू येईल, पण त्या काळच्या वैद्यकापाशी दुसरे काही नव्हते.

अशा रक्तस्रावात मेंदूवर दोनदा आघात होतो. पहिला आघात मिनिटांचा आणि तासांचा असतो. वाहिनीतून बाहेर पडलेले रक्त गाठीच्या रूपाने साठते, आसपासच्या पेशींना दाबते, फाडते. कवटी हाडाची असल्याने आतील दाबाला बाहेर पडायला वाट नसते. दुसरा आघात मात्र कित्येक दिवस चालतो आणि तो घडविण्यात आपल्याच संरक्षक पेशींचा वाटा असतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी कायम वस्तीला असतात. बारीक फांद्या पसरून त्या आसपासची चाहूल घेत राहतात. पीओ देल रीओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या काचपट्ट्यांवर त्या प्रथम स्पष्टपणे वेगळ्या दाखविल्या. म्हणजे पाश्चर यांच्या आजारानंतर तब्बल ५१ वर्षांनी.

रक्त मेंदूत शिरताच या पेशी जाग्या होतात. रक्त गोठविणारे थ्रॉम्बिन हे द्रव्य त्यांना चेतविते, मरणाऱ्या पेशींतून सुटलेली द्रव्येही चेतवितात. मायक्रोग्लियांच्या फांद्या आखडतात, त्या गोलसर होतात आणि दाह भडकविणारे रासायनिक निरोप सोडू लागतात. एरवी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये असलेली घट्ट भिंत सैल होते. पहिल्या काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत रक्तातील न्यूट्रोफिल पेशी आत उतरतात, त्यांच्यामागून मोनोसाइट येतात. त्यांची शस्त्रे जंतूंविरुद्ध घडविलेली असतात. येथे जंतू नसतात. त्यामुळे घाव बसतो तो गाठीच्या कडेला अजून जिवंत असलेल्या चेतापेशींवर. गाठीभोवतीची सूज पहिल्या तीन दिवसांत झपाट्याने वाढते आणि एक-दोन आठवडे टिकते. पहिला दिवस निभावलेला रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक ढासळतो, त्याचे एक कारण हेही असते.

पण याच पेशी सफाईही करतात. साठलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटल्या, की त्यांतून हिमोग्लोबिन आणि त्यापासून लोह सुटते. मेंदूच्या ऊतींना हे सुटे लोह विषासारखे असते. मायक्रोग्लिया आणि बाहेरून आलेल्या भक्षक पेशी न फुटलेल्या तांबड्या पेशी गिळतात, लोह प्रथिनांत बंद करून ठेवतात आणि आठवड्यांमागून आठवडे मोडतोड उपसत राहतात. शेवटी उरते ती गंजाच्या रंगाची एक फट. अशी जुनी फट असलेले मेंदू शवविच्छेदनात सर्रास दिसतात. भडका उडविणारी आणि आग विझविणारी पेशी एकच असते, वेळ तेवढी वेगळी.

पाश्चर यांच्या मेंदूत यांपैकी नेमके काय आणि किती घडले, हे सांगता येणार नाही. बाहेरून दिसले ते इतकेच, की बुद्धी शाबूत होती. आठवडाभराच्या आत त्यांनी रात्री उशाशी बसलेल्या सहाय्यक जेर्ने यांना रेशीमकिड्यांच्या अंड्यांविषयीचे टिपण सांगून लिहून घ्यायला लावले आणि ते अकादमीत सादरही झाले. उजव्या गोलार्धातील दुखण्याने वाणी वाचली, उजवा हातही वाचला. डावा हात मात्र पुढे आयुष्यभर आखडलेला राहिला आणि डावा पाय ओढत चालावे लागले.

या आजारपणातील एक गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. त्यांच्यासाठी नव्या प्रयोगशाळेचे बांधकाम नुकतेच सुरू झाले होते. खिडकीतून ते दिसत असे. एके दिवशी मजूर दिसेनासे झाले. हे गृहस्थ काही उठत नाहीत, मग खर्च कशाला, असा हिशेब कोणा अधिकाऱ्याने केला होता. बातमी तिसऱ्या नेपोलियनच्या कानावर गेली, त्याने फटकारले आणि काम पुन्हा सुरू झाले. सरकारी खात्यांचा हिशेब सर्व देशांत आणि सर्व काळांत सारखाच असतो, असे म्हणावेसे वाटते.

जानेवारी १८६९मध्ये, आजाराला तीन महिनेही झाले नसताना, ते रेल्वेच्या डब्यात आडवे पडून दक्षिणेला रेशमाच्या मुलखात निघाले. तेथे दगडी फरशीवर पडले, पुन्हा उठले. खुर्चीत बसून ते सांगत आणि सहाय्यक करीत. त्या वर्षअखेरीस बादशहाच्या कुटुंबाच्या मालकीच्या, ट्रिएस्टेजवळील व्हिला व्हिचेंतिना या मळ्यावर ते पत्नी आणि मुलीसह राहिले. तेथे निवडलेल्या निरोगी अंड्यांमुळे अनेक वर्षांनी प्रथमच रेशमाचे उत्पन्न फायद्यात आले. दोन खंडांचा रेशीमकिड्यांवरील ग्रंथही तेथेच मारी यांच्या हस्ताक्षरात उतरला. या बाईंचे ऋण पाश्चर यांच्या चरित्रात पुरेसे नोंदले गेले नाही. दिवसाचे निष्कर्ष रात्री लिहून घेणे, नवऱ्याचे अडलेले पाऊल सावरणे आणि त्याचा तापट स्वभाव सोसणे, हे त्यांनी उरलेली २७ वर्षे केले.

या अपंगत्वाचा परिणाम कामाच्या पद्धतीवरही झाला. काचेच्या नळ्या हाताळणारे, कुपीची मान वितळवून बंद करणारे ते कुशल हात आता दोनाचे एक झाले होते. प्रयोग करू लागले ते एमिल रू, शार्ल शांबेर्लां, पत्नीचे भाचे आद्रियें ल्वार आणि इतर. प्रश्न, आखणी आणि वाद घालणे पाश्चर यांच्याकडे राहिले. एका माणसाच्या प्रयोगशाळेची शिष्यांची शाळा होण्यामागे या लुळ्या हाताचा वाटा असावा, असे मानायला जागा आहे.

१८७९-८०मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जुने, शिळे झालेले जंतू टोचलेल्या कोंबड्या मेल्या नाहीत आणि ताज्या जंतूंनाही पुरून उरल्या. दुबळ्या केलेल्या जंतूने शरीराला शिकविता येते, हे सूत्र हाती आले. १८८१च्या मे-जूनमध्ये पुई-ल-फोर येथील शेतावर शेतकरी, पशुवैद्य आणि वार्ताहर यांच्यासमक्ष अँथ्रॅक्सच्या लशीची जाहीर परीक्षा झाली. लस टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या, न टोचलेल्या मरून पडल्या होत्या. या यशाला एक काळी कडा आहे. पाश्चर यांच्या खासगी वह्या त्यांच्या नातवाने १९६४मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. त्या अभ्यासून इतिहासकार जेराल्ड गीसन यांनी १९९५मध्ये लिहिले, की त्या दिवशी वापरलेली लस पाश्चर यांनी सुचविलेल्या हवेच्या पद्धतीने नव्हे, तर शांबेर्लां यांच्या रासायनिक पद्धतीने केलेली होती. ही गोष्ट जगापासून लपविली गेली. मोठेपणा कमी होत नाही, पण ती नोंदवायला हवी.

लस का लागू पडते, याबद्दलचे त्यांचे उत्तर तर चुकीचेच होते. शरीरात जंतूला लागणारे एखादे पोषक द्रव्य असते, पहिल्या आजारात ते संपून जाते आणि दुसऱ्यांदा आलेला जंतू उपाशी मरतो, अशी त्यांची कल्पना होती. शरीर स्वत:हून लढते, हे त्यांच्या सिद्धांतात नव्हते.

६ जुलै १८८५ रोजी अल्सासमधून नऊ वर्षांच्या झोझेफ मेस्टेर याला त्याची आई घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला ठिकठिकाणी चावे घेतले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते, त्यामुळे सुई डॉ. ग्रांशे यांनी टोचली. दहा दिवसांत तेरा इंजेक्शने झाली. मुलगा वाचला. ही लस होती सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूची. रेबीजचा विषाणू चेतासंस्थेत वाढतो, म्हणून चेतासंस्थेचा तुकडाच औषध म्हणून वापरला गेला. यात एक धोका दडलेला होता. पुढे काही वर्षांत असे आढळू लागले, की इंजेक्शने घेतलेल्या काही मोजक्या माणसांचे पाय लुळे पडतात किंवा मेंदूला सूज येते. त्यांतील अनेकांच्या बाबतीत रेबीज हे कारण नव्हते. टोचलेल्या चेताऊतींविरुद्ध शरीर चेतले होते आणि मग ते स्वत:च्याच चेतातंतूंच्या आवरणावर तुटून पडले होते. न्यूयॉर्कमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी १९३३मध्ये माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचून हाच आजार घडवून दाखविला. प्रतिकारशक्ती मेंदूचे नुकसान करू शकते, याचा तो प्रायोगिक पुरावा ठरला.

आपल्याकडे हा इतिहास फार लांबचा नाही. कुत्रा चावला म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीने घेतलेली आहे. ती लस १९११मध्ये कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेल्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूपासून केलेली होती. पाश्चर यांच्या लशीचीच ती वंशज. भारतात तिचे उत्पादन २००४च्या अखेरीस थांबले आणि पेशीसंवर्धनातून बनविलेल्या, चेताऊती नसलेल्या लशींनी तिची जागा घेतली.

मेस्टेरच्या सुटकेनंतर देशोदेशींहून देणग्या आल्या आणि पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उभी राहू लागली. पण ती पूर्ण होण्याआधी, ऑक्टोबर १८८७मध्ये, एका सकाळी पत्र लिहून झाल्यावर पाश्चर बोलायला गेले आणि जीभ पुन्हा अडकली. या वेळी वाणी पूर्ण कधीच सुधारली नाही. १४ नोव्हेंबर १८८८ रोजी संस्थेच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष कार्नो आले होते. भाषण लिहिलेले होते, ते मुलाने वाचून दाखविले. चार वर्षांनी सोरबोनमध्ये सत्तरीचा सोहळा झाला, तेथेही राष्ट्राध्यक्षांच्या हाताचा आधार घेऊन पाश्चर आत आले आणि उत्तराचे भाषण पुन्हा मुलानेच वाचले.

पाश्चर यांना न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच छपराखाली सापडत होते. इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने १८८२मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून पाहिले होते, की फिरत्या पेशी त्याभोवती गोळा होतात. या पेशी परक्या वस्तूला गिळून शरीराचे रक्षण करतात, असे त्यांनी मांडले. इतरत्र खिल्ली उडत असताना पाश्चर यांनी त्यांना १८८८मध्ये जागा दिली. स्वत:च्या सिद्धांताविरुद्ध जाणाऱ्या माणसाला आपल्या संस्थेत नेमणे, हा पाश्चर यांच्या हट्टी स्वभावात न बसणारा निर्णय होता आणि म्हणूनच तो मोठा वाटतो. मेचनिकॉव्ह यांना १९०८चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक यांच्यासमवेत मिळाले. मेंदूतील मायक्रोग्लिया या त्याच भक्षक कुळातील पेशी आहेत.

मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली १८९४मध्ये झ्यूल बोर्दे हा तरुण बेल्जियन डॉक्टर आला. रक्तद्रवातील एक द्रव्यसमूह प्रतिपिंडांच्या मदतीने जंतूंना आणि परक्या तांबड्या रक्तपेशींनाही फोडतो, हे त्याने दाखविले. त्यालाच आज कॉम्प्लिमेंट म्हणतात. मेंदूत रक्त साठते तेव्हा हीच प्रथिने त्या गाठीतील तांबड्या पेशींना भोके पाडतात आणि आतले लोह बाहेर सांडते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांतून पुढे आले. आपल्या संस्थेत पेशी गिळणारे आणि पेशी फोडणारे असे दोन्ही मार्ग शोधले जात असताना वृद्ध पाश्चर आवारात खुर्चीवर बसत. त्यांच्या डोक्यात १८६८मध्ये जे घडले असेल, त्याचे धागे तेथील नळ्यांत होते, पण ते जोडून पाहणारा कोणी तेव्हा नव्हता.

याच संस्थेतून वाल्डेमार हाफकिन भारतात आले. १८९३मध्ये त्यांनी येथे कॉलऱ्याची लस आणली. प्लेगने मुंबई ओस पडत असताना ग्रँट मेडिकल कॉलेजमधील खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वत:ला टोचून घेतली. परळची प्रयोगशाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पाश्चर मात्र ती बातमी ऐकायला नव्हते. नोव्हेंबर १८९४पासून त्यांची प्रकृती ढासळत गेली होती. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळील व्हिलनव्ह-लेतां येथे, अर्धांगवायू जवळजवळ पूर्ण झालेल्या अवस्थेत, त्यांचा मृत्यू झाला. जानेवारी १८९६मध्ये त्यांचे पार्थिव संस्थेच्या तळघरातील समाधीत ठेवण्यात आले. १९१०मध्ये मारी यांनाही तेथेच जागा मिळाली.

मेंदूतील रक्तस्रावानंतरचा दाह शमवावा, हा विचार पुढे वैद्यकाला सुचणे स्वाभाविक होते. दाह म्हटला की स्टेरॉइड. १९८७मध्ये बँकॉकमधील डॉक्टरांनी ९३ रुग्णांवर डेक्सामेथासोनची काटेकोर चाचणी केली. फायदा झाला नाहीच, उलट जंतुसंसर्गासारख्या गुंतागुंती वाढल्याने ती मध्येच थांबवावी लागली. प्रतिकारशक्ती सरसकट दाबली, तर सफाई थांबते आणि आधीच दुबळ्या झालेल्या रुग्णाला न्यूमोनिया गाठतो. सुटे लोह बांधून ठेवणाऱ्या डिफेरॉक्सामिन या औषधाची चाचणी २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. औषध सुरक्षित ठरले, पण तीन महिन्यांनंतरच्या सुधारणेत अपेक्षित फरक दिसला नाही. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत मेंदूच्या पृष्ठभागालगतची गाठ २४ तासांच्या आत बारीक छिद्रातून काढून टाकल्यास रुग्ण अधिक सावरतात, असे आढळले. म्हणजे पेशींवर पडणारा बोजाच आधी हलका करायचा. आजही अशा रुग्णाला मिळतात ते रक्तदाबावर तातडीचे नियंत्रण, दक्ष शुश्रूषा, काहींना शस्त्रक्रिया आणि पुढे महिनोन्‌महिने व्यायाम. दाहाला नेमक्या वेळी आवरणारे आणि सफाईला धक्का न लावणारे सिद्ध औषध अजून नाही. मायक्रोग्लिया कोणत्या दिवशी भडका सोडून उपसा करू लागतात आणि त्यांना त्या बाजूला लवकर वळविता येईल का, यावर प्रयोगशाळांतून काम सुरू आहे.